ध्रुवावर बायका काय करतात, आणि त्यांना अडवतं काय?

शेजारची मुलगी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करते. परवा संध्याकाळी तिने विचारलं, "काकू, अंटार्क्टिकात जनरेटर सांभाळायला माणसं लागतात म्हणे. मुली घेतात का?" मी तोंड उघडायच्या आत तिची आई म्हणाली, "तिकडे कशाला मरायला? ती बातमी वाचली नाहीस?"

बातमी मार्च २०२५ची. अंटार्क्टिकातल्या दक्षिण आफ्रिकेच्या तळावरून एका सदस्याने ईमेल पाठवला होता. एक सहकारी मारहाण करतो, धमक्या देतो, आम्हाला इथे भीती वाटते, काहीतरी करा, असा त्याचा आशय. तळावर मोजकी माणसं, हिवाळा तोंडावर आलेला आणि केपटाउन चार हजार किलोमीटर दूर. हा तळ ज्या भागात आहे, त्याच भागात, क्वीन मॉड लँडमध्ये, आपला 'मैत्री' तळही आहे. त्यामुळे बातमी आपल्याकडेही बरीच वाचली गेली.

मुलीचा प्रश्न रास्त होता आणि आईची भीतीही. त्या संध्याकाळी दोघींना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. बाईला ध्रुवावर थंडीने कधी अडवलं नाही. तिला अडवलं ते जहाजात चढू देण्याच्या परवानगीने, मापाच्या कपड्यांनी, संडासाने आणि तक्रार ऐकून घेणाऱ्या माणसाच्या अभावाने. यातली एकही गोष्ट निसर्गाने ठरवलेली नाही.

ध्रुव म्हणजे कुठे, आणि तिथे कामं कसली?

ध्रुव दोन, आणि दोघांची घडण उलटी. उत्तरेकडे मधोमध समुद्र आहे, त्यावर बर्फाची साय आणि भोवती जमीन. दक्षिणेकडे मधोमध जमीन आहे, तिच्यावर काही ठिकाणी चार किलोमीटरपेक्षाही जाड बर्फ आणि भोवती समुद्र. उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर, ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटरवर, भारताचा 'हिमाद्री' तळ २००८ पासून आहे. दक्षिणेला 'मैत्री' १९८९ पासून आणि 'भारती' २०१२ पासून. या दोघांत सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर.

तिन्ही तळांचा कारभार गोव्यातून चालतो. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा, आणि आत एका खोलीत उणे २० अंशांच्या आसपास जपलेले अंटार्क्टिकाच्या बर्फाचे दांडे. खाली खोल छिद्र पाडून हे दांडे बाहेर काढतात. जुन्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, त्यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या हवामानाचा अंदाज येतो. मे महिन्यातही तिथे काम करणारी माणसं जाड कोट घालून खोलीत शिरतात.

दक्षिणेला जाणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक उन्हाळी, साधारण नोव्हेंबर ते मार्च. दुसरा हिवाळी मुक्कामाचा: उन्हाळी गट परतल्यावर पुढचं जहाज किंवा विमान येईपर्यंत तळावरच राहणारा. आपल्याकडे धरणाच्या बॅकवॉटरपलीकडची गावं पावसाळ्यात तुटतात. लाँच बंद, रस्ता बंद, म्हणून मे महिन्यातच तांदूळ, मीठ, रॉकेल, औषधं यांची बेगमी करून ठेवतात. हिवाळी मुक्काम असाच, फक्त बेगमी वर्षभराची, आणि गावात माणसं पंचवीसच्या आसपास.

या पंचवीस जणांत सगळे शास्त्रज्ञ नसतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, बर्फावरच्या गाड्या चालवणारे आणि दुरुस्त करणारे, संदेशयंत्रणा बघणारे, असे अनेक असतात. मैत्रीला पाणी लागतं ते जवळच्या प्रियदर्शिनी तलावातून पंपाने आणतात, आणि ते वाटेत गोठू नये म्हणून नळी गरम ठेवावी लागते. नळीला वीज लागते. वीज जनरेटरमधून येते. तो बंद पडला की आधी पाणी जातं, मग ऊब जाते. डिझेल मेकॅनिक तिथे किती मोलाचा, हे मुलीला लगेच कळलं. तिच्या आईलाही, कारण गणपतीत चार दिवस लाइट गेली तेव्हा विहिरीवरचा पंप बंद पडून काय हाल झाले ते तिने सोसले आहेत.

"सोय नाही" हे उत्तर किती जुनं?

शंभरहून अधिक वर्षांचं. १९१४ मध्ये शॅकल्टन या ब्रिटिश धाडसी प्रवाशाच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी इंग्लंडमधल्या तीन तरुणींनी अर्ज पाठवला. आम्ही धडधाकट आहोत, कुठलेही कष्ट सोसू, बायकांचा पोशाख गैरसोयीचा वाटला तर पुरुषांचा घालू, असं त्यांनी लिहिलं होतं. मोहिमेत स्त्रियांसाठी जागा नाहीत, असं उत्तर आलं. १९३७ मध्ये एका नियोजित ब्रिटिश मोहिमेसाठी १३०० बायकांनी अर्ज केले. एकीलाही घेतलं नाही. बायकांना जायचंच नसतं, असं आजही कुणी म्हणतं तेव्हा मला हा आकडा आठवतो.

सुरुवातीला तिथे पोचलेल्या स्त्रिया बहुतेक कुणाच्या तरी पत्नी म्हणून पोचल्या. नॉर्वेच्या कॅरोलिन मिकेलसन १९३५ मध्ये व्हेलशिकारी ताफ्याला रसद पुरवणाऱ्या जहाजाच्या कप्तान पतीबरोबर गेल्या. एडिथ रोनी आणि जेनी डार्लिंग्टन या दोघी अमेरिकन स्त्रियांनी १९४७-४८ मध्ये पतींबरोबर एका बेटावर अख्खा हिवाळा काढला. स्त्रियांचा अंटार्क्टिकातला तो पहिला हिवाळा. म्हणजे शरीराला झेपतं का, या प्रश्नाचं उत्तर १९४८ सालीच मिळालं होतं.

तरीही अमेरिकन नौदल स्त्रियांना अंटार्क्टिकाला न्यायला तयार नव्हतं. विमानं आणि जहाजं त्यांचीच, त्यामुळे त्यांचा नकार हाच नियम. लोइस जोन्स या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी अंटार्क्टिकातल्या कोरड्या, म्हणजे बर्फ न साचणाऱ्या, दऱ्यांवर डॉक्टरेट केली ती पुरुष सहकाऱ्यांनी आणून दिलेल्या दगडांवर. आपल्याच विषयाची जमीन पाहायला त्यांना मनाई होती. अखेर १९६९ मध्ये त्यांना चार स्त्रियांचं पथक घेऊन जाता आलं. त्याच मोसमात, १२ नोव्हेंबर १९६९ला, या चौघी, न्यूझीलंडच्या एक जीवशास्त्रज्ञ आणि एक पत्रकार अशा सहा जणी विमानाने थेट दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिली कोण, हा वाद नको म्हणून सहाही जणी हातात हात गुंफून मालाच्या रॅम्पवरून एकदमच बर्फावर आल्या.

त्याच्या एक वर्ष आधी अर्जेंटिनाच्या चार शास्त्रज्ञ स्त्रिया अंटार्क्टिकात काम करून आल्या होत्या. त्यांच्यातल्या इरेने बेर्नास्कोनी समुद्रतारे आणि त्यांच्या भाईबंदांच्या अभ्यासक. त्या वेळी त्यांचं वय होतं ७२.

नंतर गती आली. १९७४ मध्ये मेरी ॲलिस मॅकव्हिनी या अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या आणि तिथेच हिवाळा राहिल्या. १९८६ मध्ये सुसान सोलोमन यांनी ओझोनच्या थराला पडलेल्या भगदाडाचं कारण शोधणाऱ्या मोहिमेचं नेतृत्व केलं. फ्रिजमध्ये आणि स्प्रेमध्ये वापरली जाणारी रसायनं ओझोन खातात, हे पुराव्यानिशी मांडण्यात त्या मोहिमेचा मोठा वाटा होता. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळाच्या प्रमुख म्हणून डायना पॅटर्सन गेल्या. अंटार्क्टिकात तळाची प्रमुख झालेल्या त्या पहिल्या स्त्री.

औंधच्या घराण्यातली अदिती

आपल्याकडची गोष्ट १९८३ची. भारताची पहिली मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली तेव्हा तिच्यात स्त्री नव्हती. तिसऱ्या मोहिमेत दोघी होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत.

अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, १९४३चा. वडील अप्पासाहेब पंत मुत्सद्दी, आणि आजोबा म्हणजे घरोघरी सूर्यनमस्कार पोचवणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. पुण्यात बी.एस्सी. झाल्यावर त्या हवाईला समुद्रविज्ञान शिकायला गेल्या, मग लंडनला जाऊन सागरी शेवाळांवर पीएच.डी. केली. परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम धरलं. साठच्या दशकात मराठी घरातली मुलगी समुद्र शिकायला परदेशी जाते, हे आज वाचतानाही मला अप्रूप वाटतं.

त्यांचा विषय दक्षिण महासागरातली अन्नसाखळी. हे ऐकायला जड वाटतं, पण कोकणात वाढलेल्याला दोन मिनिटांत समजेल. पाण्यात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती तरंगते, तिला प्लवक म्हणतात. ते खाऊन जगतो क्रिल. आपल्याकडच्या जवळ्याच्या जातकुळीतला, पण बोटाएवढा मोठा. पेंग्विन, सील, देवमासे असं सगळं गणगोत या क्रिलवर पोसलेलं. म्हणून पाण्यात उजेड किती खोल जातो आणि प्लवक किती वाढतं हे मोजलं, की तिथल्या साऱ्या जिवांच्या ताटात काय पडणार ते कळतं. हे मोजायचं तर हेलकावणाऱ्या जहाजाच्या डेकवर उभं राहून पाण्याचे नमुने वर घ्यावे लागतात. ते प्रयोगशाळेत बसून होत नाही. तिसऱ्या मोहिमेनंतर अदिती पंत पाचव्या मोहिमेतही गेल्या.

सुदीप्ता सेनगुप्ता गिर्यारोहक होत्या, तेनसिंग नोर्गे यांच्याकडे शिकलेल्या. शिर्माखर या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्याच्या भूरचनेवर त्यांनी मूलभूत काम केलं. त्याच पट्ट्यावर पुढे मैत्री उभी राहिली. १९९१ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हा भारताचा पहिला तळ उभा केला. तो पुढे बर्फाखाली गाडला गेला आणि १९९० मध्ये बंद करावा लागला.

थंडी बायकांना जास्त बाधते का?

सरासरी काढली तर थोडा फरक आहे. स्त्रियांची हातापायांची बोटं लवकर गार पडतात, कारण गाभ्याची ऊब राखण्यासाठी शरीर कडेचा रक्तपुरवठा आवरतं. उलट बाजूला, कातडीखालचा चरबीचा थर स्त्रियांत सरासरीने जास्त असतो, तो उपयोगी पडतो. पण माणसामाणसांतला फरक या सरासरीपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून निवड वैद्यकीय तपासणीवर होते. आपल्या मोहिमेच्या उमेदवारांची कसून तपासणी होते, आणि मग उत्तराखंडात औली इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावरचं प्रशिक्षण मिळतं.

खरी अडचण कपड्यांची. ध्रुवीय बूट, हातमोजे, एकसंध सूट वर्षानुवर्षं पुरुषांच्या मापाने शिवले गेले. थोरल्या भावाचा रेनकोट घालून शाळेत गेलेल्या मुलीला विचारा: बाह्या लोंबतात आणि गळ्यातून पाणी आत येतं. ध्रुवावर त्या गळ्यातून वारा येतो. बूट सैल असला की आतला पाय हलतो आणि बोटं बधिर होतात. घट्ट असला तर रक्त अडतं, ते त्याहून वाईट. जाड मोठ्या हातमोज्याने नट फिरवता येत नाही, म्हणून मोजा काढावा लागतो, आणि गारठलेल्या लोखंडाला उघडं बोट लागलं की कातडी चिकटते. हे घडलं की नोंदीत बाईला थंडी सोसली नाही असं येतं, बुटाचं माप कुणी लिहीत नाही.

आणि संडासाचं काय?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, म्हणून मी आपणहून सांगते. तळाच्या इमारतीत संडास-बाथरूम असतात. अडचण बाहेरच्या कामाची. १९९१च्या पर्यावरण करारामुळे अंटार्क्टिकातला कचरा शक्य तितका परत न्यावा लागतो. कोरड्या दऱ्यांसारख्या नाजूक भागात तर लघवीसुद्धा बाटलीत भरून माघारी आणायची. पुरुषाला हे सोपं जातं. बाईला चार थर उतरवायचे, तेही वाऱ्यात. त्यासाठी आता नरसाळ्यासारखं साधन मिळतं, कपड्यांना खाली उघडणाऱ्या चेनी असतात, आडोशाचा तंबू ठेवतात. खर्च किरकोळ आहे, फक्त यादी करताना कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

लक्षात आलं नाही तर बाई काय करते? पाणी पीत नाही. हे आपल्याला नवं नाही. एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून घोटभर पाण्यावर असते. बंदोबस्तावरची महिला पोलीस तेच करते, ऊसतोडीला गेलेली बाईही तेच. पण ध्रुवावरची हवा वाळवंटासारखी कोरडी असते. तिथे अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताभिसरण मंदावतं आणि हिमदंशाचा, म्हणजे बोटं गोठून मांस मरण्याचा, धोका वाढतो. शिवाय मूत्रमार्गाचा संसर्ग. एका साध्या नरसाळ्याअभावी बोट गमवायची वेळ येऊ शकते.

पाळीचंही तसंच. उन्हाळी गटातली बाई आपल्या हिशोबाने सामान नेते, वापरलेलं परत आणते. गोळ्या घेऊन पाळी लांबवायची की नाही, हे तिने आणि तिच्या डॉक्टरने ठरवायचं. अडचण येते ती लपवावं लागतं तेव्हा. ऑस्ट्रेलियाच्या मोहिमांवरच्या २०२२च्या अहवालात हेच आढळलं: सामान पुरेसं नाही, मागायची सोय नाही, म्हणून बायका मिळेल त्या कापडाकागदावर भागवत होत्या आणि पाळी लपवत होत्या.

वर्षभर तिथे बाई राहू शकते?

राहिल्या आहेत. १९९० मध्ये जर्मनीने नोयमायर तळावर नऊ स्त्रियांचा गट हिवाळी मुक्कामाला ठेवला. डॉक्टर मोनिका पुस्केपेलाइट त्यांच्या प्रमुख. डॉक्टर, तंत्रज्ञ, स्वयंपाकी, शास्त्रज्ञ सगळ्या बायकाच. नऊ जणींनी तळ चालवला आणि मुक्काम संपवून घरी परतल्या. भारतीय स्त्रियांत पहिला हिवाळा काढला तो डॉक्टर कंवल विल्खू यांनी, मैत्रीवर.

मंगला मणी यांचं नाव अलीकडचं. इस्रोच्या या शास्त्रज्ञ २०१६च्या नोव्हेंबरात भारतीवर गेल्या आणि ४०३ दिवसांनी परतल्या. वय ५६. २३ जणांत त्या एकट्या बाई. त्यांचं काम समजून घेण्यासारखं आहे. पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात, आणि खाली पृथ्वी पूर्वेकडे सरकत असते. त्यामुळे मुंबईवरून असा उपग्रह दिवसात मोजक्याच वेळा जातो. पण कलिंगडाच्या रेघा बघा, पोटावर लांब लांब असतात आणि देठाशी सगळ्या एकत्र येतात. उपग्रहांच्या वाटाही अशाच ध्रुवाशी एकवटतात. म्हणून भारतीवर बसवलेल्या अँटेनाला दिवसातल्या बहुतेक फेऱ्या दिसतात, आणि उपग्रहाने टिपलेलं तिथे उतरवून घेता येतं. पिकांचा अंदाज, पुराचे नकाशे यांच्यामागे अशी कुणीतरी जागी असते. रात्र असो, वादळ असो, उपग्रह आपल्या वेळेला येतो.

हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही. झोप बिघडते, शब्द आठवेनासे होतात, क्षुल्लक कारणाने राग येतो. याला पुरुषही अपवाद नाहीत. यावर उपाय जुनेच: जेवणाच्या वेळा पाळणं, व्यायाम, वाढदिवस, सणवार.

तिथे बाई आजारी पडली तर?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्याला जोडून १९९९चं उदाहरण दिलं जातं. दक्षिण ध्रुवावरच्या तळाच्या एकमेव डॉक्टर जेरी नील्सन यांना ऐन हिवाळ्यात स्तनात गाठ लागली. त्यांनी स्वतःच सुईने नमुना घेतला, सहकाऱ्यांना शिकवून मदतीला घेतलं, विमानाने अंधारात वरून टाकलेली औषधं घेत उपचार चालू ठेवले, आणि ऑक्टोबरात विमान उतरू शकलं तेव्हा त्यांना बाहेर काढलं.

बरोबर उदाहरण आहे. पण दुसरंही ऐका. १९६१ मध्ये नोवोलाझारेव्हस्काया या सोव्हिएत तळावर २७ वर्षांच्या लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरचं अपेंडिक्स सुजलं. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने सहकाऱ्यांच्या हाती आरसा दिला आणि स्वतःचं पोट स्वतः उघडून अपेंडिक्स काढलं. तो तळ आपल्या मैत्रीपासून काही किलोमीटरवर आहे. त्या घटनेनंतर पुरुषांना पाठवू नका, असं कुणी म्हटलं नाही. निघण्यापूर्वीच्या तपासण्या कडक झाल्या.

गरोदरपणात साधारणपणे पाठवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण १९७८ मध्ये अंटार्क्टिकातल्या अर्जेंटिनाच्या एस्पेरान्सा तळावर मूल जन्मलं होतं. त्या भूभागावर हक्क सांगायचा होता, म्हणून तिथे कुटुंबं वसवली गेली. बायका न्यायचं देशाच्या मनात आलं की अडचणी कशा दूर होतात, हे यातून दिसतं, आणि याची मला चीड येते.

मग त्या बातमीचं काय?

आता आईच्या भीतीकडे येते. ती निराधार नाही. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमात काम केलेल्यांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात उत्तर देणाऱ्या ५९ टक्के स्त्रियांनी तिथे लैंगिक छळाचा किंवा अत्याचाराचा अनुभव आल्याचं सांगितलं.

असं का होतं, हे समजायला एक वाडा डोळ्यांसमोर आणा. दरवाजा एकच, किल्ली कारभाऱ्याकडे, आणि वर्षभर कुणी बाहेर जाणार नाही. तुमचं काम, जेवण, झोपायची खोली, बाहेर जायची परवानगी, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र, सगळं त्याच्याच हातात. आता त्याच्याविरुद्ध तक्रार करायची आहे. कुणाकडे कराल? आणि केल्यावर उद्या सकाळी नाश्त्याला कुठे बसाल?

जेन विलेनब्रिंग या अमेरिकन भूशास्त्रज्ञ विद्यार्थिनी असताना १९९९-२००० मध्ये अशाच एका छावणीत होत्या. तंबू मोजके, चार माणसं, मार्गदर्शक प्राध्यापक हेच प्रमुख. शिवीगाळ होत होती, आणि त्या लघवीला बसल्या की दगड मारले जात होते, असं त्यांच्या तक्रारीत आहे. त्यांनी दिवसा पाणी पिणं सोडलं आणि आजार ओढवून घेतला. तक्रार केली ती २०१६ मध्ये, स्वतःची नोकरी पक्की झाल्यावर. विद्यापीठाच्या चौकशीत लैंगिक छळ झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि प्राध्यापकाला काढलं गेलं. अंटार्क्टिकातल्या एका हिमनदीला त्याचं नाव होतं, तेही बदललं. एका बाईला हे बोलायला सतरा वर्षं थांबावं लागलं.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. अमेरिकन कार्यक्रमाने बाहेरच्या छावण्यांना थेट मदत मागता येईल अशा उपग्रह फोनची सोय केली, आणि २०२३ मध्ये मॅकमर्डोच्या बारमधली दारूविक्री थांबवली.

आपल्याकडे २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. कामानिमित्त जावं लागतं ती जागा आणि तिथवरचा प्रवाससुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरला जातो. पण एक बारकावा आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. हिवाळी मुक्काम त्याहून लांब असतो. म्हणजे परत आल्यावर बघू म्हणून थांबली तर मुदत निघून जाऊ शकते. तळावर जाणाऱ्या प्रत्येकीला हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगायला हवं, आणि तळप्रमुखाच्या हाताखालून न जाणारा ईमेलचा मार्ग तिला मिळायला हवा.

"त्यापेक्षा पाठवूच नका"

हे सगळ्यांत सोपं उत्तर, आणि सगळ्यांत चुकीचं. बायका नसल्या की तळ शांत असतात, ही समजूतच खोटी आहे. २०१८ मध्ये बेलिंग्सहाउझेन या रशियन तळावर एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला चाकूने भोसकलं होतं. कोंडलेल्या जागेत माणसं बिघडतात. त्यावर उपाय म्हणजे नीट निवड, प्रमुखावर देखरेख आणि वेळेत ऐकणारा कुणीतरी. त्याचा फायदा तिथल्या पुरुषांनाही होतो. तो मार्चचा ईमेल लिहिणाऱ्याला तरी दुसरं काय हवं होतं?

एकटी बाई पाठवण्यापेक्षा दोघी-तिघी पाठवाव्यात, असं मात्र माझं स्पष्ट मत आहे. २३ जणांत एकटी असणं म्हणजे रोज सगळ्यांच्या नजरेत असणं. दोघी असल्या की निदान एकमेकींना विचारता येतं, हे तुलाही खटकलं का?

तर मुली घेतात का?

डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी अशा कामांसाठी गोव्याचं केंद्र कंत्राटी भरतीच्या जाहिराती काढतं, संकेतस्थळावर त्या दिसतात. शिक्षण, अनुभव आणि इतर अटी प्रत्येक जाहिरातीत वाचायच्या. नुसत्या कोर्सवर जमत नाही, हातात काही वर्षांचं काम लागतं. मी तिला सांगितलं, आधी एखाद्या मोठ्या वर्कशॉपला लाग, बर्फावरच्या पट्ट्यांच्या गाड्यांचं इंजीन आणि आपल्या जेसीबीचं इंजीन तुला वाटतं तितकं परकं नाही.

तिचा पुढचा प्रश्न थेट कामाचा होता. "काकू, तिथे डिझेल गोठत नाही?" गोठतं. साध्या डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते दह्यासारखं धरतं आणि आधी फिल्टर चोंदतो. म्हणून तिथे थंडीसाठीचं वेगळं इंधन वापरतात आणि गाडी सुरू करण्यापूर्वी इंजीन गरम करून घेतात. ती हे वहीत लिहून घेत होती.

तिची आई इतका वेळ ओट्याशी गप्प उभी होती. कुकरची शिटी झाली, तिने गॅस बारीक केला आणि मला विचारलं, "हिचा पाय अगदी लहान आहे हो. बूट मापाचे देतील ना?"